समोर आहे त्याला

उपेंद्र सौंदलगेकरच्या घरात देव नव्हते. बंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या भाड्याच्या घराला स्वयंपाकघराच्या भिंतीत देवांसाठी कोनाडा होता, आधीच्या बिऱ्हाडाच्या उदबत्त्यांनी काळवंडलेला. हेमलतानं लग्न होऊन आल्यावर तिथं चहा-साखरेचे डबे ठेवले आणि त्यावर नवराबायकोत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

उपेंद्रचं नास्तिकपण पुस्तकांतून आलेलं नव्हतं. तो लहान असताना निपाणीजवळच्या त्यांच्या गावात देवीची साथ आली. सरकारी माणसं टोचायला आली तेव्हा वडिलांनी दार लावून घेतलं. जिच्या नावानं रोग ओळखला जातो तिच्यावरच अविश्वास दाखवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. ते शाळामास्तर होते, अडाणी नव्हते. पंधरवड्याच्या आत ते गेले. तेरावं झालं आणि आई, पद्मावतीबाई, पुन्हा त्याच देवीपुढं दिवा लावायला बसली. वडिलांचं जाणं उपेंद्रनं कसंबसं सोसलं. तो दिवा त्याला सोसला नाही. पुढं तो पुण्याला शिकून इंजिनियर झाला, बंगळूरला सरकारी कारखान्यात लागला, आणि देवाचा विषय निघाला की एवढंच सांगायचा, "माणसातली भीती आणि हाव काढून घ्या, मग देव उरतो का बघा."

आईला विसर पडायला लागला तेव्हा मोठ्या भावानं, चंद्रकांतनं, तिला इकडं आणून सोडलं. येताना देव आणायचे नाहीत, ही उपेंद्रची अट होती. आईनं ती मुकाट्यानं मानली. कदाचित तेव्हाच तिला त्यातलं फारसं कळलं नसावं. बंगळुरात आल्यावर ती आधी स्वयंपाक विसरली, मग माणसांची नावं, मग नवरा गेल्याचंही विसरली. सगळी स्तोत्रं विसरली, देवांची नावं विसरली. एक गोष्ट मात्र वाढत गेली. ती कशालाही हात जोडायची. नळाला पाणी आलं की नळाला, रेडिओ लागला की रेडिओला, दूधवाल्याला आणि त्याच्या सायकलीलाही. हेमलताला त्याचं काही वाटत नसे. उपेंद्र मात्र कळवळायचा. त्याच्या मते आईचं सगळं गेलं होतं आणि भीती तेवढी शिल्लक राहिली होती.

बासष्ट सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सीमेवर लढाई चालली होती आणि कारखान्यात जादा पाळ्या लागल्या होत्या. एका शनिवारी संध्याकाळी कारखान्यातले दोघंतिघं चहाला आले. सगळे रेडिओवरच्या बातम्यांकडं कान लावून बसले असताना आई बाहेर आली. तिनं एकेकापुढं उभं राहून हात जोडले आणि मग दाराशी काढून ठेवलेल्या बुटांनाही जोडले. एकजण हसला. उपेंद्रनं तिला दंडाला धरून आत नेलं आणि बजावलं, "बस कर आता, आई. इथं कुणी देव नाही." आईनं शहाण्या मुलासारखी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती.

हेमलता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, उपेंद्र आरशापुढं दाढी करत होता. पुढचं दार उघडं दिसलं तेव्हा त्याला आधी रागच आला. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो कोपऱ्यापर्यंत गेला. भाजीवालीला विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं. पलीकडच्या गल्लीत जाऊन आला. परत घरी येईपर्यंत राग उरला नव्हता.

शेजारचे बसवंतअण्णा बेळगावकडचे, पोस्टात कारकून, मराठी आणि कानडी दोन्ही घरच्यासारखी बोलणारे. ते सायकल घेऊन निघाले, उपेंद्र दुसऱ्या बाजूनं. आई जाऊन जाऊन कुठं जाणार, देवळातच, या हिशेबानं उपेंद्रनं देवळं धरली. आजवर ज्यांच्या पायऱ्या चढला नव्हता ती एकेक देवळं तो चपला हातात घेऊन फिरला. मारुतीच्या देवळात नव्हती. मार्केटमागच्या विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला बायका जमल्या होत्या. त्यानं प्रत्येकीच्या तोंडाकडं वाकून पाहिलं, तशी एक बाई पदर सावरून बाजूला सरकली. मग त्याच्या ध्यानात आलं की आईला आता देऊळसुद्धा आठवत नाही. ती देवळात कशाला येईल? ती कुठंही गेली असेल. तो देवळं सोडून पोलीस चौकीकडं वळला.

पोलीस चौकीत जमादारानं म्हातारीच्या अंगावर काय होतं ते विचारलं. उपेंद्रला सांगता येईना. रोज समोर वावरणाऱ्या आईचं आजचं लुगडं कोणत्या रंगाचं, हे त्याला माहीत नव्हतं. घरी धावत येऊन हेमलताला विचारावं लागलं. हिरवं, ती म्हणाली, आणि नऊवारी आहे हे नक्की सांगा, इथं ते पटकन लोकांच्या नजरेत भरेल.

दुपार उलटली. बसवंतअण्णा कलासीपाळ्याच्या बसस्टँडवर प्रत्येक कंडक्टरला सांगून आले होते. दोघं एका कट्ट्यावर टेकले तेव्हा अण्णा हलकेच म्हणाले, "उपेंद्रराव, एक नारळ बोला. बोलायला काय जातं?"

"नारळ घेऊन आई परत देणारा असेल, तर त्यानं नेलीच कशाला?"

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच मनात काही बोलून घेतलं असावं, कारण क्षणभर त्यांचे डोळे मिटलेले उपेंद्रला दिसले. त्याला त्यांचा हेवा वाटला आणि त्या हेव्याचा संताप आला.

ती रात्र नवराबायकोनं दाराशी बसून काढली. सकाळी अण्णा एका कंडक्टरला घेऊनच आले. त्यानं दुसऱ्या कंडक्टरकडून ऐकलं होतं की काल होसकोटेला, केऱ्याजवळ, म्हणजे तिथल्या मोठ्या तळ्याजवळ, एक काष्ट्याच्या लुगड्यातली म्हातारी सापडली. सापडली म्हणजे कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. अण्णांनी कानडीत दोनदा विचारलं. त्यानं दोन्ही वेळा हात हलवले.

हेमलतानं घरीच थांबायचं ठरलं, न जाणो ही बाई दुसरीच निघाली आणि आई आपली आपण परत आली तर. तिनं एक धुतलेलं लुगडं आणि शाल पिशवीत घातली. लुगडं कशासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि उपेंद्रनं विचारलं नाही.

होसकोटेची बस रडतखडत निघाली. तो खिडकीशी बसला होता, पिशवी मांडीवर घट्ट धरून. शहर मागं पडलं, नाचणीची शेतं लागली. तळ्याचं पाणी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. हिरवं लुगडं पाण्यात काळं दिसतं का, असला काहीतरी विचार येई आणि तो मान झटकी. काही वेळानं त्याला जाणवलं की आपले ओठ हलताहेत. आपण बोलतो आहोत. नवस नव्हता तो. त्यानं काही कबूल केलं नव्हतं, मागितलंही नव्हतं. तो नुसता सांगत होता. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, बघ. ती उतारावर घसरते. काल थंडी होती आणि तिच्या अंगावर शाल नव्हती, बघ.

'बघ' हा शब्द ऐकून तो दचकला. कुणाला सांगतोय मी? शेजारी एक माणूस मांडीवर कोंबडी घेऊन पेंगत होता. उपेंद्रनं दात घट्ट मिटले. ही भीती आहे, त्यानं स्वतःला बजावलं. इतकी वर्षं जगाला सांगितलं तीच ही. मग ते बोलणं थांबलं. पण थांबल्यावर आत जे उरलं ते इतकं निर्जन होतं की दोन मैलही त्याच्यानं काढवले नाहीत. तो पुन्हा बोलू लागला. परत दे, असं मात्र त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. त्याला फक्त आईबद्दल सांगायचं होतं, आणि सांगताना लहानपणापासूनचं कायकाय निघत गेलं. वडील गेल्यावर तिनं दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटल्या. त्याला ताप आला की रात्रभर त्याचे तळपाय हातात धरून बसायची. हे सगळं त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

स्टँडवर उतरून त्यानं मोडक्या कानडीत विचारलं. पानवाल्यानं तळ्याकडं नाही, बाजूच्या गल्लीकडं बोट दाखवलं. म्हातारी जिवंत आहे का, हे विचारायला त्याची जीभ उचलली नाही. तो गल्लीत जवळजवळ धावतच शिरला.

गल्लीतल्या एका घराच्या अंगणात आई बसली होती. पुढ्यात सुपात तांदूळ होते आणि ती खडे वेचत होती. तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी जाड पांघरूण होतं.

उपेंद्र दारातच उभा राहिला. घरातून एक पन्नाशीची बाई बाहेर आली. ठकुबाई तिचं नाव. पिढ्यान् पिढ्या तिकडंच राहिलेलं मराठ्यांचं घर, भाषा निम्मी कानडी झालेली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं.

"या अण्णा. तुमचीच न्हवं का ही अक्का? स्वल्प बसा आधी, पाणी घ्या."

मग तिनं सगळं सांगितलं. अक्का बसमधून उतरली ती तळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली. पाण्याला हात जोडले, म्हशींना जोडले, धुणं धुणाऱ्या बायकांना जोडले. पोरं वेडी म्हणून हसायला लागली. ठकुबाईची नजर लुगड्यावर गेली. तिची आजी तसंच नेसायची. तिनं हात धरून घरी आणली, जेवू घातलं, पोलिसांना कळवलं. नाव-गाव काही सांगता येत नव्हतं. पण रडली नाही, घाबरलीही नाही. "रात्री माझ्याजवळच निजली," ठकुबाई म्हणाली, "मलाच काळजी. तिला काय बी न्हाई."

उपेंद्र आईसमोर उकिडवा बसला. तिनं त्याच्याकडं बघितलं. ओळखीचं काही त्या डोळ्यांत उमटलं नाही. एखादा पाहुणा आला म्हणून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि त्याला हात जोडले.

दोन दिवसांपूर्वी त्यानं ते हात खाली केले असते. आता त्यानं ते तसेच राहू दिले. जे आयुष्यात कधी खरोखर विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"कुणाला नमस्कार करतेस, आई?"

तिला प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "समोर आहे त्याला," ती म्हणाली.

"काय मागतेस त्याच्याकडं?"

ती विचारात पडली. खरंच आठवून पाहत होती. मग थोडी ओशाळून, आपलं काही चुकलं की काय अशा आवाजात तिनं विचारलं, "मागायचं असतं का?"

 तो तिच्याकडं पाहत राहिला. या बाईला कशाची भीती असणार? उद्याचा दिवस तिला ठाऊक नव्हता, मरण तिच्या आठवणीत नव्हतं. हाव कशाची? स्वतःचं असं काही असतं हेही ती विसरली होती. जे जे काढून घेतल्यावर देव उरणार नाही असं तो सांगत आला होता, ते ते सगळं काळानं तिच्यातून काढून घेतलं होतं. आणि जे उरलं होतं ते त्याच्यासमोर हात जोडून बसलं होतं. त्याला रडू आलं. ठकुबाई चहाचं बघायला आत गेली.

परतीच्या बसमध्ये आई त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. घरी हेमलतानं दोघांना पाहिलं आणि पुढं होऊन आईचा हात धरला.

काळजी काही संपली नाही. दाराला वरच्या बाजूला कडी लावून घेतली. उपेंद्र कारखान्यात असला की दर तासाला त्याला वाटे, आत्ता दार उघडं असेल. ठकुबाईंच्या घरी तो आणि हेमलता पुढं अनेकदा गेले, आईला घेऊनही गेले. आई चौसष्टच्या उन्हाळ्यात गेली, झोपेतच.

मधल्या काळात उपेंद्रनं पूजा सुरू केली नाही, देवळांतही जाऊ लागला नाही. टोचायला आलेल्या माणसांच्या तोंडावर दार लावून घ्यायला सांगणारा देव त्यानं कधीच मानला नाही, आणि त्या बाबतीत तो शेवटपर्यंत पहिल्यासारखाच कडक राहिला. कारखान्यातल्या मित्रांना त्याच्यात काही फरक दिसला नाही. फक्त भीती-हावेचं ते वाक्य त्यांनी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

आईच्या दहाव्यानंतर बसवंतअण्णांनी त्याला सरळच विचारलं. त्या दिवशी मीच तुमच्या नावानं नारळ बोललो होतो, ते म्हणाले, फेडलाही. तुम्हाला आता पटतं का, तो आहे म्हणून?

 "नारळाचं मला अजून पटत नाही, अण्णा," तो म्हणाला. "पण त्या दिवशी बसमध्ये मी होसकोट्यापर्यंत कुणाशी तरी बोलत होतो. ती जिवंत आहे हे कळायच्या आधी. उत्तर आलं नाही. तरी ऐकणारं कुणी नव्हतं, असं आता माझ्यानं म्हणवत नाही."

अण्णांनी मान डोलावली आणि विचारलं की हल्ली बोलता का.

"रोज," उपेंद्र म्हणाला. "काळजी असते तेव्हा जास्त."