जैतुनचाचीच्या दुकानासमोर काय होतं

जैतुनचाचीचं दुकान होतं की नव्हतं, यावरून आमच्या गावातले मोठे मोठे पुरुष भांडत होते, आणि त्यांच्यापैकी एकानंही कधी त्या दुकानात पाय ठेवलेला नव्हता. ठेवणार कसा? ते बांगड्यांचं दुकान. दारावर तरटाचा पडदा, पडद्याआड बायका. गावातला कुठलाही भला माणूस तिथून जाताना मान वळवून चालायचा. आता त्याच भल्या माणसांना कुणी विचारलं की बाबा, तिथं काय होतं, तर ते सांगणार काय?

भांडण निघालं मोटारीमुळे. रिसोडची मोटार चौकात वळताना तिची मागची बाजू दर खेपेला कुणाच्या तरी पायरीला घासायची. जर्मनची लढाई संपली आणि गावच्या कमिटीनं ठरवलं, चौकातली समोरासमोरच्या दुकानांची जुनी ओळ पाडायची आणि मोटारीला जागा करायची. उन्हाळ्यात ओळ पाडली. मातीच्या भिंती, सागाच्या फळ्या, टिनं, सगळं बैलगाड्यांत भरून नेलं आणि मुरूम टाकला.

पूर्वी शाळेतून येताना मी नाकानं रस्ता ओळखायची. आधी तेलाची घाणी, मग अत्तरवाला, मग जिलबी, की आलंच घर. आता मुरूम आणि पेट्रोल. पेट्रोलचा वास मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण अत्तरवाला अकोल्याला गेला तो गेलाच. आणि किल्ल्या करून देणारा म्हातारा कधी उठून गेला हे तर कुणी पाहिलंसुद्धा नाही. आमच्या पेटीची किल्ली हरवली तेव्हा आम्हाला कळलं की तो नाही.

चौकाच्या कडेला, मारुतीच्या देवळाच्या बाजूला कमिटीनं टिनाची नवी ओळ बांधली. नियम असा, की जुन्या ओळीत ज्याची बसायची जागा कायम होती त्याला नव्या ओळीत जागा. जो फिरून विकायचा त्याला नाही. वाटता वाटता एकच जागा उरली. ती जैतुनचाचीनं मागितली. चाचीचा हक्क ठरला नाही, तर ती जाणार होती आमच्या गल्लीतल्या जगदेवकाकांना. त्यांना चहाचं हॉटेल काढायचं होतं. कपबश्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या म्हणे.

"बाई टोपली घेऊन फिरते," जगदेवकाका सगळ्यांना सांगायचे. "मी तिले जऊळक्याच्या ठेसनावर पाह्यलं, खेड्यायच्या रस्त्यावर पाह्यलं. फिरणाऱ्या बाईची कायची आली जागा?"

आणि ते खोटंही नव्हतं. तिचा नवरा मेहबूबचाचा वारल्यापासून चाची बाजाराच्या दिवशी दुकानात बसायची आणि बाकीचे दिवस टोपली घेऊन खेडी करायची. तिच्या दोन्ही बाजूंचे दुकानदार साक्ष द्यायला गावात उरले नव्हते.

एका दुपारी ती टोपली घेऊन आमच्या अंगणात आली. माझ्या हातातल्या बांगड्या दोनच राहिल्या होत्या, म्हणून मायनं बोलावलं होतं.

"मंग आता काय करशीन, जैतुनबी?" मायनं विचारलं.

"काय करतो, बाई. आयतवारी उदयसिंगबापू जागा पाह्यले येते. त्यायनं नाई म्हटलं तं रिसोडले भावाच्या दारात. गुडघे आता खेडे करू देत नाई."

"भाऊ ठेवीन काय?"

"भाऊ ठेवीन. भावजय पोया मोजीन."

ती हे हसत बोलली, पण माझा हात तिच्या हातात होता आणि तिची बोटं गार होती. मी बांगडीकडे पाहिलं, आणि हात आखडला.

"हात ढिल्ला सोड, बेटी. इकडे नोको पाहू. समोर पाह्य, आन् समोर काय चालू हाये ते मले सांग."

ही चाचीची रीत. तिच्या सासूपासूनची. बांगडी चढताना बाई हाताकडे पाहायला लागली की हात घट्ट होतो, आणि घट्ट हातावर काच टिकत नाही. म्हणून दुकानात ती पडद्याची एक कड खिळ्याला अडकवायची, तेवढी फट ठेवायची, आणि बाईला समोरचं पाहून बोलायला लावायची. बाई बोलण्यात गुंतली की बांगडी केव्हा चढली ते तिलाही कळायचं नाही.

आज समोर आमची म्हैस होती.

"रवंथ करून राह्यली," मी म्हटलं.

"आन्?"

"आन् काय, चाची, म्हैसच ते. शेपटी हालवते."

"रामधनची भट्टी बरी होती," चाची म्हणाली. "जिलबी पाहून तुयं बोलणं सरतच नव्हतं."

तिनं हे म्हटलं आणि मी उठूनच उभी राहिले. एक बांगडी गेली त्यात. मायनं कपाळाला हात लावला.

"चाची, तू साऱ्या गावच्या बायायले समोर पाह्यले लावलं ना व?"

"मंग?"

"मंग तुया दुकानासमोर काय होतं ते त्यायले माईत हाये. म्हंजे दुकान कुठी होतं तेही माईत हाये. पुरुषायले नाई, बायायले."

"अन् त्या बाया चौकात जाऊन उदयसिंगबापूले सांगतीन?" माय म्हणाली. "पदर खोचून?"

"त्या मले सांगतीन. मी बापूले सांगीन."

शाळेच्या समारंभात त्या साली मी पाहुण्यांसमोर भाषण केलं होतं, आणि तेव्हापासून माझं तोंड मिटलेलं नाही असं मायचं मत आहे. ती चाचीकडे वळून म्हणाली, "पाह्य बाप्पा. हे अनसी गावभर हिंडीन अन् इचा बाप मले बोलीन." पण थांबवलं नाही. मी चूल तेवढी पेटवून निघाले ते दिवे लागेपर्यंत हिंडत होते. कुणी हसलं, कुणी दारातूनच परत पाठवलं, आणि बऱ्याच जणींनी फक्त एवढंच म्हटलं, "पाहू."

रविवारी मला वाटलं, येतात की नाही. पण आल्या. देवळाच्या भिंतीशी घोळका करून, पदर पुढे ओढून, पुरुषांकडे अर्धी पाठ करून उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात देवाचं पाणी होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. चाची एका बाजूला आपल्या टोपलीजवळ बसली होती. पुरुषही जमले. उदयसिंगबापू कमिटीतले जुने माणूस, पांढऱ्या मिशांचे, रागीट नाहीत पण घाईचे. काठी मुरमात रोवून त्यांनी विचारलं, "हे पोट्टी कोन?"

"शालिग्रामची," कुणीतरी म्हटलं.

"ह्या साऱ्या बाया चाचीकडून सांग्याले आल्या, बापू," मी म्हटलं. "त्या मले सांगतीन, मी तुमाले सांगतो."

"तूच काहून?"

"माहा आवाज मोठा हाये."

पुरुष हसले. बापूंनी काठीनं मला पुढे यायची खूण केली.

मी आधी माझंच सांगितलं. दुकानासमोर रामधन हलवायाची भट्टी होती, आणि मी लहान असल्यापासून तीच पाहत बांगड्या भरल्या. बापूंनी मान हलवली. पुढे सोजरबाई. गावात तिच्यापेक्षा म्हातारी बाई क्वचित असेल. तिला माझ्या आवाजाची गरज पडली नाही.

"कोनता हलवाई व?" ती मलाच रागावली. "समोर मुनाफ खोगीरं शिवत बसे. कातड्याचा असा वास सुटे, मी नाकाले पदर लावून बसत होतो."

मी जरा गडबडले. तेवढ्यात घोळक्याच्या मागून एका बाईनं माझा हात ओढला आणि पदराआडून हळूच काहीतरी सांगितलं. विचार करायला वेळ नव्हता, मी ते तसंच मोठ्यानं बोलून टाकलं, "ह्या म्हणते, समोर रंगरेजाचे लुगडे वाळत होते. लाल अन् हिरवे."

जगदेवकाका इतके मोठ्यानं हसले की देवळावरची कबुतरं उडाली.

"पाहा, बापू. एक म्हणते हलवाई, एक म्हणते खोगीर, एक म्हणते रंगरेज. मी हेच तं म्हणत होतो. बाई आज अथी, उद्या तथी. जिथी सावली, तिथी दुकान."

 बापूंनी मुरमातली काठी उपसली, म्हणजे पाहणी संपली. माझे कान तापले. मी चाचीकडे पाहिलं. ती कुणावर रागावली नव्हती. ती टोपलीवरचं फडकं नीट करत होती, निघायच्या आधी करतात तसं. तिनं एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

त्या गाठीवरून माझी नजर बायकांच्या हातांवर गेली, आणि मला दिसलं. सोजरआजीच्या हातावर कातडी लोंबत होती, आणि माझ्या हातावर नुसती काचेची लाली.

"बापू, थांबा," मी म्हटलं. "सोजरआजी, तू कधीचं सांगून राह्यली?"

"माया लग्नाचं. मोठ्या दुष्काळाच्या आंधी. तवा हे जैतुनबी नोती, हिची सासू बसे अथी."

"अन् रंगरेज कधीचा?" मी मागच्या बाईला विचारलं.

 तिनं पदर जरासा मागे घेतला आणि माझ्याशी न बोलता सरळ मोठ्यानं बोलली. "ज्यायनं आता हासून दाखोलं, त्यायलेच पुसा, माहं लगन कधी झालं ते."

ती कौशीकाकू होती. जगदेवकाकांची बायको.

चौकात असा हशा पिकला की जगदेवकाकांना कुणी वाचवू शकलं नसतं. त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं.

"तू कायले आली व अथी?"

"मोटारी नव्या येऊन राह्यल्या तवा माया लग्नाचा चुडा कुठी भरला ते सांग्याले," कौशीकाकू म्हणाली. "आता खोटं सांगू काय? भरल्या हातानं?"

"घरी चाल."

"चालतो. आंधी बापूचं आयकू द्या."

मी म्हटलं, "बापू, ह्या तिघी एका सालचं सांगून नाई राह्यल्या. येकीचं लगन दुष्काळाच्या आंधीचं, येकीचं मोटारी येऊन राह्यल्या तवाचं, अन् मी आत्ताची. समोरची दुकानं बदलली, बापू. चाचीचं नाई बदललं."

उदयसिंगबापूंची घाई कुठे गेली कोण जाणे. ते काठीवर दोन्ही हात ठेवून रिकाम्या मुरमाकडे पाहत उभे राहिले.

"मुनाफ खोगीरवाला," ते म्हणाले, मला नाही, कुणालाच नाही. "माया बापाच्या घोडीचं खोगीर त्यानंच शिवलं. मोटारी आल्या, घोडे गेले, तं मुनाफनं जागा जमशेद रंगरेजाले देली. जमशेदचा लाल रंग धुतला तरी जाये नाई. मंग गिरणीचे छापील लुगडे आले, कोन रंगवते? तो उठला, तं रामधन आला. अन् लढाईत साखर भेटे ना, तं रामधनही आपल्या देशाले गेला." ते थांबले. "जागा येकच होती. हे जागा."

ते चालत गेले आणि काठीनं मुरूम उकरला. खाली भट्टीची भाजलेली लाल माती निघाली. त्या मातीवर ते उभे राहिले आणि देवळाकडे वळले.

"आता सांगा, बायांनो. मी मुनाफ हावो, जमशेद हावो, का रामधन हावो, कोनीही समजा. मले पाहत तुमी कुठी बसत होत्या?"

पदरांतून हात बाहेर आले. म्हातारे, मधले, आणि माझा. काचा वाजल्या. चौकात तिथं आता काहीच नव्हतं, एक रिकामा पेट्रोलचा डबा पडला होता. सगळे हात त्या डब्याकडे गेले.

 बापूंनी त्या डब्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी पाहिलं, मग बायकांकडे पाहिलं, आणि बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच त्या बाजूला इतका वेळ मान न वळवता पाहिलं असेल.

"समोरचे सारे गेले," ते म्हणाले. "फिरत तं ते होते. हे बाई नाई. जैतुनबी, जागा तुमची."

मला वाटलं, चाची रडेल. रडण्यासारखंच होतं. पण ती गुडघ्यावर हात देऊन उठली, नव्या ओळीतल्या आपल्या जागेपर्यंत गेली, आत वाकून पाहिलं, टिनाला हात लावून पाहिला, आणि परत आली.

"बापू, हे दार मावळतीले हाये. चार वाजता ऊन थेट आत येते. बाया बसतीन कशा?"

"मंग कमिटीनं सूर्य हालवाव काय, जैतुनबी?"

"तट्ट्या देवाव. सूर्य मी पाहून घेतो."

तट्ट्या मिळाल्या.

जगदेवकाकांचं मला आधी हसू आलं आणि मग वाईटही वाटलं, कारण त्या आणलेल्या कपबश्या गल्लीत सगळ्यांना माहीत होत्या. चार-आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी मी चाचीला तट्ट्यांच्या दोऱ्या बांधू लागत होते, तर ते आले. दुकानाच्या आत न पाहता, भिंतीशी बोलावं तसे बोलले.

"चाची, तुया भिंतीच्या आडोशाले माही चहाची शेगडी मांडली तं चालीन काय? मोटारीचे लोकं तिथीच उतरते."

चाचीनं दोरीची गाठ पक्की केली. मग म्हणाली, "धूर माया गिऱ्हाइकाच्या डोयात नाई गेला पाह्यजे."

"नाई जाऊ देत."

"अन् पुरुष इकडे तोंड करून नाई बसले पाह्यजे."

"नाई बसू देत. म्हंजे हो समजू ना?"

"थांब. पुसून सांगतो."

"कोनाले?"

"कौशीले," चाची म्हणाली.