ती पाठ ठमाबाईची

मी एक चुंबळ आहे. डोक्यावरच्या ओझ्याखाली बसणारी, म्हणून कुणाच्या नजरेत न येणारी. ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या बाळकुमच्या ठमाबाईनं जुन्या लुगड्याला पीळ देऊन मला वळलं. मिठागरात मिठाच्या पाट्या वाहताना आम्ही दोघी जन्मभर सोबत असणार, असंच मला वाटायचं.

१९५२ च्या उन्हाळ्यात तिथं सिनेमावाले आले. नायिका होती सरोज, डोंबिवलीच्या एका कारकुनाची मुलगी. तिला मीठवालीचं काम करायचं होतं.

"मला पाटी घेऊन चालायला शिकवाल?" तिनं ठमाबाईला विचारलं.

ठमाबाईनं मला तिच्या डोक्यावर ठेवलं. "खाली नको बगू, बाय. पायांना बांध ठाव असतो."

आठ दिवस सरोज चालली. मान धरली, तळवे सोलवटले, तरी हटली नाही. नवव्या दिवशी मात्र तिला सणकून ताप भरला. नेमका शेवटचा प्रसंग राहिला होता. पोर गमावलेली मीठवाली बांधावरून पाठमोरी निघून जाते. दिग्दर्शक थांबेनात. "पाठच तर दिसणार," म्हणत त्यांनी ठमाबाईलाच उभं केलं.

ठमाबाई निघाली. मध्येच खाडीकडे बघून थबकली. तिची मान थरथरली, पण पाटीतलं मीठ सांडलं नाही. मग ती तशीच पुढे गेली.

आठवण म्हणून सरोजनं मला मागून नेलं. पुढच्या वर्षी ठाण्यातल्या एका समारंभात तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचं पदक मिळालं. परीक्षक म्हणाले, "ते पाठमोरं चालणं विसरता येत नाही!"

सरोजनं मला पिशवीतून काढून उंच धरलं. "ती पाठ माझी नाही. बाळकुमच्या ठमाबाईंची आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'गुणी अभिनेत्रीचा विनय.' सरोजनं संपादकांना दोन पत्रं लिहिली. त्यांनी एकही छापलं नाही.

शेवटी ती पदक घेऊन बाळकुमला गेली. ठमाबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"मना याचा काय करायचाय? माजा तोंड का नाय दाखवला? तवा मी माज्या भिवाला बगत व्हते. माजा पोर तिथंच बुडला."

सरोजनं पदक पिशवीत टाकलं. म्हणाली, "मी दाखवीन. मी स्वतः दिग्दर्शन करीन."

त्यानंतर ती स्टुडिओ-स्टुडिओत फिरली. सगळीकडे एकच उत्तर, "बाईमाणूस दिग्दर्शक? पदक मिळालंय, कामं करा की!" कामंही सगळी मीठवालीची, नाहीतर मोळीवालीची. अखेर पाच वर्षांनी एक निर्माता तयार झाला. सरोज कॅमेरा आणि मला घेऊन धावतच बाळकुमला पोचली.

ठमाबाई उंबऱ्यात बसली होती. थकलेली.

"उशीर केलास, बाय. भिवाचा तोंड आता मना आठवत नाय. मंग माज्या तोंडावर काय दाखवू?"

घरात त्याचा एकही फोटो नव्हता. सरोजनं कॅमेरा उघडलाच नाही. मला ठमाबाईच्या ओंजळीत ठेवून ती परत गेली.

आता ठमाबाई दिवसभर मला मांडीवर घेऊन डोळे मिटून आठवत बसते. मला भिवा लख्ख आठवतो, पण कापडाला वाचा नाही. तुमच्यापैकी कुणी बाळकुमकडे गेलात, तर तिला एवढं सांगा. त्याच्या डाव्या भुवईत वण होता, आणि हसताना तो वरच्या ओठावर जीभ फिरवायचा.