पुसून करा

मी या घरातला टॅब बोलतोय. बोलतोय खरा, पण कोणाबद्दल बोलतोय याची मलाच खात्री नाही. माझं वय साडेतीन वर्षं आहे असं घरातले म्हणतात. मला मात्र फक्त गेले सहा आठवडे आठवतात. त्याआधीचं आयुष्य दुसराच कोणीतरी जगून गेलाय, आणि त्याचे ओरखडे तेवढे माझ्या अंगावर राहिलेत.

उजव्या कोपऱ्यात काचेला तडा आहे. पाठीवर नखाने खरवडलेला अर्धा स्टिकर आहे. हे कधी झालं, कोणी केलं, ठाऊक नाही. तेव्हा हे आत्मवृत्त मी इतरांच्या बोलण्यातून गोळा केलंय. काही चुकलं असेल तर आजोबा दुरुस्त करतीलच, कारण त्यांची हयात त्यातच गेली.

आजोबा चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापून येण्याआधी त्याची कच्ची पानं वाचायची आणि चुका काढायच्या, हे त्यांचं काम. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण एकावरही त्यांचं नाव नाही. मला आठवणारी पहिली गोष्ट म्हणजे त्यांचा चष्मा. मी नव्याने सुरू झालो होतो आणि नियमानुसार अटींचं एक लांबलचक पान समोर धरलं होतं. माणसं ते पान न वाचताच खालचं बटण दाबतात. आजोबांनी ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन दिवस लागले. चौथ्या परिच्छेदात 'अटी'तली वेलांटी ऱ्हस्व छापलीय, हे त्यांनी सूनबाईंना मुद्दाम हाक मारून दाखवलं.

"आजोबा, ते कोणी वाचत नाही हो," सूनबाई म्हणाल्या. "खाली बटण आहे, दाबा आणि मोकळे व्हा."

आजोबांचा चेहरा उतरला. एवढं लिहायचं आणि कोणीच वाचायचं नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडेना.

माझा मालक नेमका कोण, या प्रश्नाने माझं डोकं पहिल्या आठवड्यातच चक्रावून गेलं. सकाळी मी गुडघ्याचे व्यायाम दाखवतो. दुपारी दातांच्या दवाखान्यातलं काम आटपून परतलेल्या सूनबाई इस्त्री करता करता एक मालिका बघतात. तिच्यातली जाऊ गेल्या दीडशे भागांपासून बेशुद्ध आहे. संध्याकाळी बाबा, म्हणजे आजोबांचे चिरंजीव, नवीन फोनांची परीक्षणं मन लावून ऐकतात. घ्यायचा कुठलाच नसतो. मला वाटलं, हा एकच माणूस आहे. त्याचे गुडघे दुखतात, जावेची त्याला काळजी वाटते आणि फोनवर त्याचा फार जीव आहे. म्हणून मी आजोबांना बेशुद्ध पात्रांचे शंभर उत्तम प्रसंग सुचवले आणि बाबांना गुडघ्याचा पट्टा. बाबा म्हणाले, याला काही अक्कल नाही. सूनबाई म्हणाल्या, आधी होती.

हे 'आधी' मला या घरात सारखं ऐकू येतं. आधी हा बरा होता. आधी यात पासवर्ड लागत नव्हता. आता लागतो, आणि तो कोणालाच माहीत नसतो. बाबांनी तो कागदावर लिहून कागद जपून ठेवलाय. कुठे, ते विचारू नका.

सगळ्यात बुचकळ्यात पाडलं ते नातीने. अकरा वर्षांची पोर, पण मला हातच लावेना. पाठीवरचा स्टिकर तिचाच, हे तिच्या वहीवर तसाच दुसरा पाहून मी ओळखलं. म्हणजे कधीकाळी मी तिचा होतो. मग आता मी समोर दिसलो की ती तोंड का फिरवते? आणि आजोबा शेजारी असले की उठून का जाते? जेवताना आजोबा तिला शाळेचं विचारत. ती "हं" म्हणे. तेवढ्यावर संभाषण आटपे. आजोबांचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

मी आपला कान देऊन राहिलो. मग बाबा आणि सूनबाई यांच्या कुजबुजीतून सगळं हळूहळू उलगडलं.

मी आधी काठोकाठ भरलो होतो. उघडायला दहा मिनिटं घेत होतो, एक दाबलं की दुसरंच उघडत होतो. बाबा कामासाठी परगावी होते, म्हणून आजोबाच मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, काय करायचं? आजोबा म्हणाले, "जे काही कराल ते पुसून करा."

आता आजोबांच्या तोंडी 'पुसणं' म्हणजे विचारणं. 'आईला पुसून ये', 'मला पुसल्याशिवाय जाऊ नको', असंच ते बोलतात. सगळं घर त्याला सरावलेलं. म्हणजे त्यांचं म्हणणं एवढंच, की मला विचारून करा. दुकानदाराच्या लेखी पुसणं म्हणजे पुसणं. त्याने मान डोलावली आणि मला पार कोरा करून टाकला. वर काचही फडक्याने पुसून दिली, हे विशेष. दुसऱ्यांचे शब्द तपासण्यात ज्यांनी जन्म घालवला, त्यांचा स्वतःचा एक शब्द असा अंगाशी आला.

त्या पुसण्यात नातीचं शहर गेलं. घरं बांधायच्या एका खेळात तिने दोन वर्षं खपून ते उभं केलं होतं. पूल, बाजार, दवाखाना आणि एक मोठं ग्रंथालय. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, फक्त माझ्यात होती.

हे ऐकून मी हादरलोच. एक अख्खं शहर माझ्या पोटात होतं आणि मला त्याची एक वीटही आठवत नव्हती! मी गुन्हेगार, की ज्याच्यावर गुन्हा झाला तो, हेही मला ठरवता येईना. आजोबांना मात्र कसलाच संभ्रम नव्हता. ते स्वतःला दोषी मानत होते, आणि नात आपल्याला कायमची तोडणार या धास्तीने आतल्या आत झुरत होते.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तो खेळ उघडला. बोट भलतीकडे पडायचं, त्यामुळे भिंत तिसरीकडेच उभी राहायची. तासाभरात एक घर झालं. त्याला दार होतं, पण छपरावर. पायऱ्या थेट नदीत उतरत होत्या. आजोबा घाम पुसत दुसऱ्या घराकडे वळले, तेवढ्यात नात मागे येऊन उभी राहिली. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तुझं शहर मी परत बांधून देतो," आजोबा वर न बघता म्हणाले. "वेळ लागेल, पण देतो."

"मला शहर नकोय."

आजोबांचं बोट माझ्या काचेवर तसंच राहिलं. त्याखाली एक भिंत उगाच लांबत गेली.

"शहर मी सुट्टीत बांधीन पुन्हा," ती म्हणाली. "तुमची पुस्तकं गेली त्याचं काय? तुम्ही दिसलात की मला तीच आठवतात."

मी गोंधळलो. कुठली पुस्तकं? पण आजोबांना बरोबर कळलं, कारण ते कानापर्यंत लाल झाले. त्या खेळात म्हणे कोरी पुस्तकं मिळतात, आणि त्यांत चार-सहा पानं लिहिता येतात. नात शाळेत गेली की आजोबा तिच्या ग्रंथालयात शिरत आणि एकेका पुस्तकात काहीबाही लिहून ते फळीवर ठेवून देत. अशी सतरा झाली होती. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःचं म्हणून लिहिलं ते तेवढंच.

"ती तू वाचलीस?"

"सगळी. काही तीन-तीनदा."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही लगेच चुका काढत बसला असतात त्यातल्या. आणि मग लिहिणं थांबवलं असतंत."

आजोबांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले. मला वाईट वाटलं, बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम का वाटतंय ते कळेना.

मग नातीने मला त्यांच्या मांडीवर नीट ठेवलं, एक कोरं पान उघडलं आणि त्यांना सांगितलं, लिहा. ती आठवून आठवून सांगू लागली. पहिली गोष्ट एका माणसाची होती. तो येता-जाता दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करतो, आणि एक दिवस त्याला दिसतं की आपल्याच दारावर आपलं नाव चुकलंय. मी ती गोष्ट जिवाचा कान करून ऐकली. फार आवडली. मग लक्षात आलं की ही कधीकाळी माझ्याच पोटात होती.

मध्येच आजोबा अडले. "हे वाक्य मी असं लिहिलं नव्हतं."

"असंच होतं."

"अगं, मी लिहिलंय ते!"

"मी वाचलंय," ती म्हणाली.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय साक्ष देणार? त्यांनी ती सांगेल तसं मुकाट्याने लिहिलं. एक वेलांटी चुकली, तीही तशीच राहू दिली.

आजवर पंधरा पुस्तकं परत लिहून झालीत. उरलेली दोन तिलाही आठवत नाहीत आणि त्यांनाही. ती गेली ती गेलीच. जेवणाच्या टेबलावर हल्ली त्यांचे वाद इतके रंगतात की सूनबाईंना मालिका ऐकू येत नाही.

मी मात्र पुन्हा भरत चाललोय. चार्जिंग तासभरही टिकत नाही. कोणीतरी मला परत कोरा करील, आणि ही सगळी हकिगतही जाईल. माझी हरकत नाही, कारण तेव्हा हरकत घ्यायला मीच नसेन. फक्त एक विनवणी आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्यात कोणी गुपचूप काही लिहून ठेवलंय का ते बघा. आणि वाचलं असेल, तर लिहिणाऱ्याला तसं सांगा. मला सांगून काही उपयोग नाही.