लिफ्टवाल्यांचा फोन

लेक उजव्या हाताने जेवत होती आणि डाव्या हाताने वडिलांच्या फोनमधले नंबर ब्लॉक करत होती. कर्जवाले, विमेवाले, प्लॉटवाले, गुडघ्याचे पट्टे विकणारे. एकेकाच्या नंबरावर बोट ठेवायचं, खाली आलेल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं आणि घास घ्यायचा. आई समोर शिलाई मशीनपाशी बसून कुणाच्यातरी पँटची चेन उसवत होती. लक्ष चेनकडेच आहे असं तिने दाखवलं होतं, पण लेकीचं बोट थांबलं की तिच्या हातातली कात्रीही थांबत होती.

वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा फोन चालू ठेवला होता तो बँकेच्या निरोपांसाठी. खातं अजून त्याच नंबराला जोडलेलं होतं आणि ते बदलून घ्यायला आईला सवड नव्हती. खरं तर सवड होती, मन नव्हतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. गल्लीत त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, लिफ्टवाले म्हटलं की पुरे. ते गेल्यावर सुरुवातीला इमारतींमधून फोन यायचे, लिफ्ट धक्के देते, दार लागत नाही. आई त्यांना खरं काय ते सांगून लिफ्टवाल्यांच्या भागीदाराचा नंबर द्यायची. हळूहळू ती माणसं थांबली आणि विकणारे तेवढे उरले. माणूस आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एका मुलीने साहेबांचं कर्ज मंजूर झाल्याची आनंदाची बातमी दिली तेव्हा आई म्हणाली, साहेब वर गेलेत. मग खाली कधी येतील, असं त्या मुलीने विचारलं. जन्मभर लोकांना वरखाली नेणाऱ्या माणसाला हे ऐकून किती हसू आलं असतं, या विचाराने आई आधी हसली होती आणि मग रडली होती.

लेकीचं बोट एका नंबरावर अडलं. त्याच्यापुढे लाल अक्षरांत ‘संशयास्पद’ असं लिहिलेलं होतं.

“हा कोण?”

“असाच. काही बोलत नाही.”

“मग उचलतेस कशाला?”

“वाजतो म्हणून.”

लेकीने ताट बाजूला सारलं. ती आज जेवायला आलीच नव्हती, याच नंबरासाठी आली होती. गेल्या आठवड्यात ती अचानक आली तेव्हा दार नुसतंच लोटलेलं होतं आणि आई खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. आज पाणी लवकर गेलं. तुमचा तो निळा शर्ट शेवटी कापला, पिशव्या केल्या, राग मानू नका. मधे थांबून ऐकल्यासारखं करायची आणि पुन्हा बोलायची. लेक तशीच दोन पावलं मागे सरकली होती आणि आत्ताच येत असल्यासारखी तिने बेल वाजवली होती. पलीकडे कुणी लबाड माणूस असेल तर त्याची भीती होती. पलीकडे कुणीच नसेल तर त्याहून जास्त भीती होती. दोन्ही भीती मनात घेऊन ती आठवडाभर नीट झोपली नव्हती.

“आई, हे लोक आधी नुसतं ऐकतात. माणूस घरात एकटं आहे का ते बघतात. मग एक दिवस सगळं खातं धुऊन नेतात.”

आईने वाद घातला नाही. कर ब्लॉक, म्हणाली, आणि चेनचा शेवटचा टाका ओढून काढला.

आई काही भोळी नव्हती. तो फोन लिफ्टवाल्यांचा नाही हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती ‘बोला’ म्हणायची, पलीकडून नुसती घुमल्यासारखी शांतता यायची, भरल्या पिंपाला कान लावल्यावर येते तशी. तिथे कुणीतरी असावं आणि त्याने गप्प बसावं असं वाटायचं. थोड्या वेळाने फोन आपला आपण बंद व्हायचा आणि मग काही दिवस यायचा नाही. लिफ्टवालेही असेच होते. संसारभर हिने बोलायचं आणि त्यांनी समोर असायचं, एवढंच त्यांचं संभाषण. त्यामुळे त्या शांततेत बोलायला तिला काही अवघड गेलं नाही. वेडेपणा आहे, हे तिचं तिला माहीत होतं. पण वेडेपणा कुणाला त्रास देत नव्हता आणि तिला मात्र त्याने बरं वाटत होतं.

ब्लॉक केल्यापासून फोन अगदी मुका झाला. आई तो मशीनच्या फळीवरच ठेवायची. काम करता करता नजर तिकडे जायची. दाराबाहेर माणूस उभं आहे आणि आपणच घंटेची तार काढून ठेवली आहे, असं तिला सारखं वाटत राहिलं. रेडिओ लावला तरी ते वाटणं जाईना. एकदा तर तिने खरंच उठून दार उघडून पाहिलं.

पुढे एका सुट्टीच्या दुपारी ती पडद्यांना टीप घालत होती. फोन वाजला नाही, पण त्याचा पडदा उजळला. ब्लॉक केलेला कॉल, असं तिथे आलं. तोच नंबर. ती टीप संपायच्या आत पुन्हा. मग पुन्हा. हा नंबर असा कधी वागत नसे. यायचा, गप्प बसायचा, जायचा. आज तो घाईत होता.

तिने लेकीला फोन लावला. लेक दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायची, सुट्टीच्या दिवशीही तिची पाळी असे, आणि खिडकीवर असताना ती फोन उचलत नसे. आईने मनाला समजावलं, चोर आहे, दाद मिळत नाही म्हणून चिडलाय. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. तिने त्या नंबरावर बोट ठेवलं. ब्लॉक काढायचा का, असा प्रश्न खाली आला. तिने ‘हो’ दाबलं आणि फोन मांडीवर घेऊन बसली.

फोन वाजला. तिने उचलला.

“घाबरू नका. दार ओढू नका. मी येतोय.”

आवाज लिफ्टवाल्यांचा होता. शेवटी घसा खाकरायची सवय, तीही होती. आईचा पाय मशीनच्या पॅडलवर दाबला गेला आणि मशीन सुईखाली कापड नसताना धडधडत राहिलं. मग तीच घुमणारी शांतता आली, आणि त्या शांततेतून एका बाईचा थकलेला, चिडलेला आवाज.

“अहो, मगापासून येतोय, येतोय म्हणताय. येत का नाही?”

मशीन धडधडतच होतं.

“कुणी आहे का तिथे? मी लिफ्टमध्ये अडकलेय हो.”

लिफ्ट हा शब्द ऐकल्यावर आईने पाय उचलला. सगळं काही कळलं नाही, पण आत्ता काय करायचं ते कळलं. तिने पत्ता विचारला. जुन्या पुलाजवळची इमारत, खाली टायरचं दुकान. बाई वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या, सुट्टी आहे हे विसरून. दार बंद दिसलं म्हणून परत खाली निघाल्या आणि लिफ्ट मधेच थांबली. इमारतीत चिटपाखरू नव्हतं, राखणदार जेवायला गेला होता आणि त्यांच्या स्वतःच्या फोनला आत रेंज नव्हती. गुडघे धरले होते म्हणून खालीही बसता येत नव्हतं.

आईने बाईंना लाइनवर ठेवून आपल्या फोनवरून भागीदाराला उठवलं. भाऊजी दुपारचे झोपलेले होते. इमारतीचं वर्णन ऐकताच ते म्हणाले, ती आपलीच, आणि पुढचं काही न विचारता निघाले.

“दिवा गेलाय,” बाई म्हणाल्या. आवाजात आता चीड उरली नव्हती. “इथली हवा संपेल का हो?”

“नाही संपत. लिफ्टमध्ये वरून हवा येत असते. आमचे हे नेहमी सांगायचे. तुम्ही फक्त दाराला हात लावू नका, भिंतीला टेकून उभ्या राहा.”

पण तो फोन फार वेळ चालत नव्हता, आपोआप तुटायचा. मग बाई अंधारात चाचपून पुन्हा बटण दाबायच्या, फोन पुन्हा वाजायचा, आणि दर वेळी आधी तेच यायचं. घाबरू नका. दार ओढू नका. मी येतोय. जो आवाज एकदा ऐकू यावा म्हणून आईने काय वाटेल ते दिलं असतं, तो आता पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो लवकर संपावा असं तिला वाटत होतं, कारण त्याच्यामागे एक जिवंत बाई मुसमुसत होती. तरीही शेवटच्या खाकरण्याकडे तिचा कान जायचाच. त्याची तिला लाज वाटत होती.

“आवाजात धीर आहे हो त्यांच्या,” बाई एकदा म्हणाल्या. “निघालेत ना ते?”



“माणूस निघालाय,” आई म्हणाली. “पोचेलच आता.”

पुढचा सगळा वेळ ती काहीबाही बोलत राहिली. पडदे किती लांब आहेत, शिवायला देणारी माणसं कशी ऐन वेळी येतात, सुया हल्ली किती लवकर मोडतात. बाई हुं हुं करत राहिल्या. मग पलीकडे काहीतरी जोरात आपटलं, भाऊजींची हाक ऐकू आली आणि लाइन तुटली. या वेळी फोन परत वाजला नाही.

संध्याकाळी भाऊजी आले ते हातांना ग्रीस तसंच. बाईंना घरी सोडून आले होते. आईचे आलेले फोन पाहून लेकही खिडकी सोडून थेट धावत आली होती. भाऊजींनी त्या दोघींना समजावून सांगितलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी एक बटण असतं. ते दाबलं की आधी रेकॉर्ड केलेला आवाज लागतो, मग ठरवलेल्या नंबरावर फोन जातो, आणि तिकडे कुणी उचलला की तोच आवाज पुन्हा एकदा. नंबर लिफ्ट कंपनीचा असायला हवा, पण कंपनीत जेवणाच्या वेळेला कुणी उचलत नाही म्हणून लिफ्टवाल्यांनी कुणाला न सांगता स्वतःचा घालून ठेवला होता. शिवाय लाइन चालू आहे ना, ते बघायला ते यंत्र अधूनमधून स्वतःच एक फोन करतं. तेव्हा आवाज वगैरे काही लागत नाही.

“उचलला की त्याला वाटतं, बाहेर माणूस आहे,” भाऊजी म्हणाले. “कुणीच उचलला नाही तर ते बोंब मारतं, लाल दिवा लावतं, मग आमच्या ध्यानात येतं. पण वहिनी, तुम्ही दर वेळी उचलत होतात.”



“आणि मी ब्लॉक केला,” लेक म्हणाली. “तेव्हापासून दिवा लागला असेल.”

लागला होता. राखणदाराने तो पाहिलाही होता, शोभेचा समजून. भाऊजींनी लेकीला सांगितलं की यात तिची काही चूक नाही. लेकीने मान हलवली, पण बसली नाही, भिंतीशी उभीच राहिली.

उद्या सकाळी जाऊन नंबर बदलतो, असं भाऊजी म्हणाले. मग थोडं घुटमळले. आवाज मात्र तसाच ठेवू, त्यांच्यासारखा आवाज आपल्याला कुठून आणायचा, आणि वहिनींना कधी वाटलं तर तिथे जाऊन ऐकताही येईल. ते मनापासून बोलत होते, जवळच्या माणसाला आपल्याकडची चांगली वस्तू द्यावी तसं.

आई मशीनच्या फळीवर पडलेले धाग्यांचे तुकडे गोळा करत होती. सगळे गोळा झाल्यावर म्हणाली, “नको भाऊजी. तोही काढा.”

“का?”

“ते येतोय म्हणतात. अडकलेलं माणूस त्यांची वाट बघतं. जो येणार, त्यानेच म्हणावं.”

भाऊजींनी ओल्या झालेल्या डोळ्यांना मनगट लावलं, हात ग्रीसचे होते म्हणून. बरं, म्हणाले. आवाज पुसायच्या आधी एकदा बटण दाबतो, फोन जवळ ठेवा.

लेक रात्री तिथेच राहिली. सकाळी तिने कामावर उशीर होईल म्हणून कळवलं आणि अंथरुणं आवरत बसली. तीच चादर ती पुन्हा पुन्हा घडी घालत होती. बाबांचा आवाज कसा आला, स्वच्छ होता का, हे तिने कालपासून एका शब्दाने विचारलं नव्हतं. आईला ते दिसत होतं.

फोन वाजला. पडद्यावर लाल अक्षरं आली, संशयास्पद. आईचा हात आपसूक पुढे गेला, फोनवर टेकला, आणि मग तिने तो फळीवरून लेकीच्या बाजूला सरकवला.

“उचल,” ती म्हणाली. “बाबांचा आहे.”