बाहेरच्या माणसाचा विरंगुळा

जर्मनीत फ्रीलान्सर माणसाने कामाने दमावं, याला कोणाचीच हरकत नसते. भानगड सुरू होते ती त्याने दमणूक घालवायचं मनावर घेतलं की.

दत्तात्रय खरवंडीकर हा मूळचा पुण्याचा आणि आता फ्रँकफर्टच्या रोडेलहाइम भागात राहणारा गृहस्थ एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कित्येक वर्षं रोज जात होता. रोज जात होता, पण तिथे नोकरीला नव्हता. तो ‘एक्स्टर्न’ होता. म्हणजे बाहेरचा. आत बसणारा बाहेरचा.

कायद्याचं म्हणणं असं, की बाहेरचा माणूस फार दिवस आतल्यासारखा वागू लागला तर तो बाहेरचा नव्हेच. तो तुमचा नोकर. त्याची पेन्शन भरा, वर दंड भरा. त्यामुळे कंपनी बाहेरच्यांचा बाहेरपणा डोळ्यांत तेल घालून जपत असे. आतल्यांच्या गळ्यातला पट्टा निळा, बाहेरच्यांचा लाल. कोणाचा वाढदिवस असला की बाहेरच्याने केक लांबून बघायचा. ख्रिसमसची पार्टी, उन्हाळ्यातली सहल, गुरुवारचं बोलिंग यांतलं काही नाही. नळाचं पाणी चालायचं. तहान लागणं अजून नोकरीचं लक्षण ठरलेलं नाही.

हे सगळं बघायला कायदा विभागात फ्राउ डॉक्टर केस्लर होत्या. अतिशय सभ्य बाई. त्यांनी कोणाचं कधी वाईट केलं नाही; जे व्हायचं ते नियमाने झालं.

एकदा त्यांनी दत्ताला, म्हणजे ‘हेर’ (श्रीयुत) खरवंडीकरांना, बोलावून घेतलं.

“हेर खरवंडीकर, तुम्ही काल तळमजल्यावर टेबल टेनिस खेळलात?”

“एकच गेम.”

“कोणाशी?”

“हेर वाइडनरशी.”

“टेबल कोणाचं?”

“कंपनीचं.”

“बॅट?”

बॅटही कंपनीची होती.

“बघा,” फ्राउ केस्लर मायेने म्हणाल्या, “आमची साधनं वापरलीत की तुम्ही आमचे होता. आणि तुम्ही आमचे झालात, तर आम्हाला तुम्हाला ठेवता येणार नाही.”

होल्गर वाइडनर आतला. निळ्या पट्ट्याचा, साठीकडे झुकलेला, दत्ताच्या समोरच्या टेबलावर बसणारा माणूस. नियमांवर त्याचं इतरांचं मांजरांवर असतं तसं प्रेम होतं. टेबल टेनिसचा निकाल ऐकून तो दोन दिवस विचारात पडला. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याला दत्ता भेटला, काखेत भला थोरला चौकोनी लाकडी बोर्ड धरून.

हा बोर्ड पुण्याहून कंटेनरमधून आला होता आणि घरात कोणालाच नको होता. मुलगी मैत्रेयी बारा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. तिने एकदा खेळून बघितलं आणि “पापा, लांगवायलिश” म्हणून मोकळी झाली. म्हणजे कंटाळवाणं. महाराष्ट्र मंडळात मंडळी बोर्डाभोवती जमत, पण सोंगट्या तशाच ठेवून घराचे हप्ते आणि पासपोर्ट यांवरच बोलत. बायको विभावरी म्हणाली, “दे बाबा तो कपिलला. त्याच्याकडे तळघर आहे.” म्हणून दत्ता तो कपिल नावाच्या दुसऱ्या बाहेरच्याला द्यायला घेऊन निघाला होता.

“हे काय?” होल्गरने विचारलं.

“कॅरम. खेळ आहे.”

“तुझा स्वतःचा?”

“हो.”

“आल्झो, असं तर,” होल्गर म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहाट झाली. “साधन तुझं. आणि खाली गॅरेजमधली माझी पार्किंगची जागा मी स्वतः भाड्याने घेतली आहे. ती कंपनीची नाही.”

तेव्हापासून संध्याकाळी काम संपलं की जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर, होल्गरच्या लांबलचक गाडीची डिकी उघडायची, खोक्यांवर बोर्ड ठेवायचा आणि खेळायचं. बोरिक पावडरीची चौकशी होल्गरने पहिल्याच आठवड्यात केली. ती आरोग्याला घातक पदार्थांच्या यादीत निघाली. म्हणून त्याने बटाट्याचं पीठ आणलं. गॅरेजमध्ये दोन प्रौढ पुरुष, पांढरी बोटं आणि पांढरी भुकटी बघून पहारेकरी एकदा धावत आला होता. होल्गरने त्याला खेळाचे नियम इतके सविस्तर सांगितले की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

होल्गरला सगळ्यात आवडली ती राणी. राणी घेतली तरी ती लगेच आपली होत नाही. पाठोपाठ आपली एक सोंगटी घेऊन दाखवावी लागते. ते कव्हर. कव्हर चुकलं की राणी परत मध्यभागी.

“नाखवाइस!” होल्गर ओरडला. म्हणजे पुरावा. “पुराव्याशिवाय मालकी नाही! दत्ता, हा खेळ तुमच्याकडे कसा काय सुचला?”

नेम चुकला की दत्ता “अरेरे” म्हणायचा. ते होल्गरने उचललं. त्याच्या घशातून आलेलं ते ‘अरेरे’ गॅरेजभर जुन्या मोटरसायकलसारखं घुमायचं.

वर ऑफिसात दोघे एकमेकांना ‘हेर’ लावूनच बोलत. फोन नंबर एकमेकांना दिले नव्हते. होल्गरचं तत्त्व होतं की लिहिलेलं नाही ते तपासता येत नाही. निघताना एकाने “उद्या?” म्हणायचं, दुसऱ्याने “उद्या” म्हणायचं. पूर्ण मैत्री एवढ्यावर चालली होती, आणि दत्ताला त्याहून दुसरी नव्हती. नवऱ्याच्या डोक्यावरचं कामाचं भूत कुठे उतरतं हे विभावरीला ठाऊक होतं. गॅरेजमधून आलेला नवरा घरी आल्यावर माणसासारखा बोलायचा.

पानगळीच्या दिवसांत होल्गर डिकीच्या कडेला बसून खेळू लागला. आधी उभा असायचा.

“पाठ?” दत्ताने विचारलं.

“वय,” होल्गर म्हणाला. त्या दिवशीही तो हरला. “उद्या?”

“उद्या.”

उद्या होल्गर आला नाही. परवाही नाही. ऑफिसात कळलं ते एवढंच, की आजारी आहे. काय झालंय हे सांगायची माहिती-संरक्षण कायद्याने बंदी, आणि विचारणं असभ्य. दत्ता रोज संध्याकाळी जमिनीखाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन रिकामी जागा बघून यायचा. गाडी होल्गरच्या घरी होती, बोर्ड गाडीत होता.

“अरे, फोन कर ना त्यांना,” विभावरी म्हणाली.

“नंबर नाही.”

“चार वर्षं खेळताय आणि नंबर नाही? कॅरम खेळत होता का स्मगलिंग करत होता?”

“त्याच्या गावाचं नाव माहीत आहे. शोधून काढतो रविवारी.”

पण तेवढ्यात तपासणीचं पत्र आलं. बाहेरची माणसं खरोखर बाहेरची आहेत की नाहीत हे बघायला सरकारी तपासनीस येणार होते. दत्ताचा करार महिनाअखेर संपत होता. वाढणार की नाही ते यावर ठरणार होतं. फ्राउ केस्लरनी सगळ्या लाल पट्ट्यांना एक वाक्य पाठ करायला लावलं: ‘कंपनीतल्या कोणाशीही माझा खाजगी संबंध नाही.’ रविवारी दत्ता ते वाक्य नीट उच्चारांसकट घोकत बसला. मैत्रेयीने त्याचं व्याकरण तपासून दिलं. होल्गरचं गाव पुढच्या रविवारवर गेलं.

बुधवारी तपासनीस आले. एक बाई, एक गृहस्थ, दोघेही शांत. ते दत्ताच्या टेबलापाशी उभे राहून त्याचा लॅपटॉप कोणाचा, खुर्ची कोणाची असं विचारत होते. खुर्चीपाशी दत्ताला घाम फुटला. तेवढ्यात फ्राउ केस्लर हातात बिनतारी फोन घेऊन घाईघाईने आल्या. त्या दिवशी कपिल रजेवर होता; हॉलमध्ये भारतीय असा दत्ता एकटाच.

“हेर खरवंडीकर, एक मिनिट. होल्गर वाइडनर तुमच्या खाजगी ओळखीचे आहेत का?”

तपासनीस बाईंनी पेन थांबवलं. दत्ताच्या मनात एकच आलं: विचारलाच शेवटी तो प्रश्न. त्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. स्वच्छ, मोठ्याने, क्रियापद अगदी जागच्या जागी.

“नाइन, नाही. कंपनीतल्या कोणाशीही माझा खाजगी संबंध नाही. हेर वाइडनर यांच्याशीही नाही.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” फ्राउ केस्लर म्हणाल्या, आणि फोन कानाला लावून निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी होल्गरच्या टेबलावर फोटो होता आणि त्याच्यापुढे मेणबत्ती. बातमी ईमेलने सगळ्यांना कळवली होती. म्हणजे आतल्या सगळ्यांना. लाल पट्टे त्या यादीत नसतात. दत्ताने ती बातमी मेणबत्तीवरून वाचली.

तो उभाच राहिला. फ्राउ केस्लर जवळ आल्या. त्यांचेही डोळे लाल होते. वीस वर्षांची ओळख होती त्यांची.

“फार वाईट झालं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बुधवारी त्यांच्या पत्नीचाच फोन होता. ते शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या इस्पितळात होते आणि कोणा दत्ताला बोलवा म्हणत होते. ऑफिसातला भारतीय सहकारी, एवढंच तिला माहीत. मी सगळ्या याद्या बघितल्या. दत्ता नावाचा कर्मचारी आमच्याकडे नाही.”

“नाही,” दत्ता म्हणाला.

“तुम्हालाही विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. तिने ते स्वतःच ऐकलं. मला निरोप सांगावा लागला नाही.”

कागदोपत्री तो डी. खरवंडीकर होता. इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावर ‘दत्ता’ अशी हाक कोणी मारलीच नव्हती. जो मारायचा तो खाली मारायचा.

अंत्यविधीला विभाग बसने गेला. कामाच्या वेळेत, म्हणून अर्थातच आतल्यांपुरता. बाहेरच्यांनी खाजगी व्यक्ती म्हणून यायला हरकत नव्हती. फक्त विभागाबरोबर उभं राहू नये, तपासणीचा निकाल अजून लागायचाय, एवढं फ्राउ केस्लरनी सुचवलं. विभागाच्या चक्राकार पुष्पहाराच्या रिबिनीवर ‘तुझे सहकारी’ असं लिहिलं होतं. दत्ताने स्टेशनवरून वेगळी फुलं घेतली आणि तो एका अनोळखी कुटुंबाच्या थडग्याशेजारी उभा राहिला. पाऊस पडत नव्हता. पडला असता तर निदान छत्रीमागे तोंड लपवता आलं असतं.

लोक ओळीने पुढे जाऊन मूठमूठ माती टाकून आले. दत्ताने शेवटी टाकली. बोटांना लागलेली माती त्याने पुसली नाही.

फाटकापाशी ती लांबलचक गाडी उभी होती. होल्गरची बायको बिर्गिट, उंच, काळ्या कोटातली, तिने डिकी उघडली आणि विभागाच्या घोळक्याला विचारलं, “हा बोर्ड कोणाचा? होल्गर म्हणाला होता, दत्ताचा आहे, त्याला परत द्या. तुमच्यात दत्ता कोणी नाही असं मला फोनवर कळलं. पण मग होल्गर चार वर्षं हरत कोणाकडून होता?”

निळे पट्टेवाले एकमेकांकडे बघू लागले. पट्टे त्यांनी आज घातले नव्हते, पण मान तेवढीच आखडलेली होती. फ्राउ केस्लर घोळक्याच्या टोकाला होत्या. त्यांनी एकदा बोर्डाकडे बघितलं आणि मग, बऱ्याच वेळाने, दत्ताकडे. लिफ्टमध्ये असा बोर्ड नेणारा माणूस कधी दिसल्याचं बहुधा त्यांना आठवत असावं. किंवा नसावं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्यांना नियमाने वागावं लागलं असतं.

दत्ता पुढे झाला.

“मी ओळखतो त्याला,” तो म्हणाला.

बिर्गिट वळली. आवाज ऐकून तिचे डोळे बारीक झाले.

“तुम्ही?”

दत्ताच्या जिभेवर नाव आलं होतं. दोन अक्षरं. पाठीमागे फ्राउ केस्लरच्या बुटाखाली खडी वाजली.

“मी पोहोचवतो त्याच्याकडे,” दत्ता म्हणाला.

बिर्गिटने बोर्ड उचलून त्याच्या हातांत दिला. जड होता, पण तिने मदत मागितली नाही.

“नक्की पोहोचवाल?”

“नक्की.”

“मग त्याला हेही सांगा. होल्गरने पलंग दाराकडे तोंड करून लावून घेतला होता. आणि शेवटी शेवटी तो एकच शब्द म्हणायचा. अरेरे, अरेरे. नर्सला वाटलं दुखतंय, म्हणून तिने औषध वाढवलं. त्यानंतर तो बोलला नाही. त्या शब्दाचा अर्थ काय, ते दत्ताला माहीत असेल का?”

“असेल,” दत्ता म्हणाला. “विचारून बघतो.”

एस-बान लोकलमध्ये बोर्ड मांडीवर मावेना. समोरच्या म्हाताऱ्या बाईने पाय आखडून घेतले आणि कौतुकाने विचारलं, खेळ आहे का? दत्ता हो म्हणाला.

सोमवारी दत्ताच्या टेबलावर वाढवलेला करार होता. तपासणीत बाहेरची सगळी माणसं बाहेरचीच निघाली. फ्राउ केस्लरनी अभिनंदन केलं, मात्र त्याच्या डोळ्यांत न बघता.

अंत्यविधीपासून कपाटामागे ठेवलेला बोर्ड संध्याकाळी विभावरीला जेवणाच्या टेबलावर दिसला.

“अरे, मिळाला? कोणी दिला?”

“होल्गरच्या बायकोने. दत्ताला पोहोचवायला सांगितलाय.”

विभावरीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने हातातली ताटं तशीच ओट्यावर ठेवली.

“मग पोहोचव,” ती म्हणाली आणि आत गेली.

दत्ताने सोंगट्या लावल्या. पिशवीत डबी होती, तिच्यात बटाट्याचं पीठ. ते त्याने बोर्डावर पसरलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता डाव फोडला. कधी नव्हे ती राणी पहिल्याच फटक्यात भोकात गेली. मग त्याने कव्हरसाठी एक सोपी सोंगटी निवडली, अगदी तोंडावरची, मैत्रेयीनेसुद्धा घेतली असती अशी. नेम धरला. सोंगटी काठावर आपटून परत आली.

घरात कोणी बघत नव्हतं. तो ‘अरेरे’ म्हणाला नाही. त्याने भोकात बोट घालून राणी वर काढली आणि मध्यभागी ठेवली.