बाळंतिणीची पुडी

वाईत घाटाच्या वरच्या बोळात माझं काष्ठौषधीचं दुकान आहे. सुंठ, हिरडा, डिंक, हळीव, मुळ्या, साली, सगळं मिळतं. सासूबाईंनी हे दुकान माझ्या हाती सोपवलं तेव्हा एकच नियम सांगितला होता. "लीला, बाईमाणसाला कशाला पायजे म्हणून इचारायचं न्हाई. काय मागती ते बघायचं आन् वळखायचं." मी चाळीस वर्षं हा नियम पाळला. नुसत्या मागणीवरून मी घरातलं दुखणं ओळखते असा माझा लौकिक होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची बरीच घमेंडही होती.

शिवांजली पहिल्यांदा आली ती गौरी-गणपती झाल्यावर. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अंगानं किरकोळ, ओढणी पार गळ्यापर्यंत गुंडाळलेली. मूळची पलूसची, इथल्या शाळेत शिकवते, खोली घेऊन राहते, एवढं तिनंच सांगितलं. मग मोबाईलमध्ये बघत हळूच म्हणाली, "मावशी, शतावरी, मेथ्या आणि बडीशेप. तिन्हीची पूड करून द्या."

आता या तीन गोष्टी एकत्र कोण मागतं ते आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बाळंतीण! दूध यावं म्हणून घरोघरी हेच देतात. ओढणी तशी गुंडाळलेली बघून तर माझी खात्रीच पटली, वारं लागू नये म्हणून बाळंतिणी अशाच राहतात. मी पुडी बांधली आणि म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा दुधातनं घे. लाजू नगंस."

ती लाजली. पुडी पर्समध्ये खोल दडवून गेली.

पंधरा दिवसांनी परत आली. "मावशी, काहीच फरक न्हाई पडला."

"थोडा बी न्हाई?"

"थोडासुद्धा न्हाई."

"मग दोन दोन चमचे कर. दिवसातनं चारदा घे. आन् मन खुशीत ठेव बाई, जिवाला घोर लावून घेतला की त्येचाच परिणाम हुतो."

ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला कळलं व्हय, कशासाठी हाय ते?"

"मला समदं कळतं," मी म्हणाले. वर मोठी पुडी बांधून दिली. तेव्हा माझी जीभ का झडली नाही, असं आता वाटतं.

तिसऱ्यांदा आली ती ऑक्टोबरातल्या एका दुपारी. वीज गेली होती, पंखा बंद, बोळात चिटपाखरू नव्हतं. ती स्टुलावर बसली आणि तिच्या अंगाचा वास माझ्यापर्यंत आला. मेथीचा गोडसर, पाकासारखा वास. बाळंतिणीच्या खोलीत असतो तोच. मला आपलं बरं वाटलं. पण तिनं पैसे द्यायला हात पुढे केला तर मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग. दुसऱ्या हातातल्या रुमालावर रक्त. दात घासताना हिरड्यांतून आलेलं थांबतच नाही, म्हणाली.

"बाळ लय दांडगं दिसतंय तुझं," मी डागांकडे बोट दाखवून म्हटलं. "काय झालं, मुलगा का मुलगी?"

"कुणाचं बाळ?"

"तुझं गं! दुसऱ्या कुणाचं?"

तिचे डोळे भरले. "आवं मावशी, माझं अजून लगीन बी झालेलं न्हाई."

दोघीही गप्प. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. टिक. टिक. टिक. बारीक, पण स्वच्छ. मी भिंतीवर बघितलं, तिथलं घड्याळ दोन वर्षांपासून बंद आहे. तिच्या मनगटावर बघितलं, तेही मोकळं.

"कसलं वाजतंय गं हे?"

तिनं ओढणी थोडी खाली केली. गळ्याच्या खळग्याखालून एक लांब व्रण सरळ खाली गेला होता.

"ते माझं हाय," ती म्हणाली. "काळजाची झडप. धातूची बसवलीया."

मग सगळं बाहेर पडलं. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा. त्या तापानं हृदयाची झडप निकामी झाली. एकोणिसाव्या वर्षी छाती उघडून नवी बसवली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, जन्मभर. जयराज नावाचा फौजी मुलगा सांगून आला. त्याला ऑपरेशनचं सगळं सांगितलं, त्यानं हसत होकार दिला. पण साखरपुड्यात त्याची बहीण साडी नेसवता नेसवता म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण छातीनं पार सपाट हाय की." खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. हीपण हसली. आणि मग मोबाईलवर कुठल्याशा बाईनं सांगितलेलं तिनं बघितलं. शतावरी, मेथी, बडीशेप, तीन महिन्यांत छाती भरते, सगळं नैसर्गिक, अपाय काही नाही.

"आणि तुमीच म्हणालात, दोन दोन चमचे कर."

ती छातीबद्दल बोलत होती, मी दुधाबद्दल बोलत होते, आणि दोघींना वाटत होतं की समोरचीला सगळं कळलंय. गोळ्या खाणाऱ्या या पोरीला मी माझ्या हातानं पुड्यांवर पुड्या बांधून दिल्या होत्या.

"आजपासनं ती गोळी बंद कर," मी घाबरून म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. मी कोण सांगणार? एकदा सांगून बघितलंच होतं की. दुकानाचं शटर ओढलं, शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाक मारली आणि तिला घेऊन तडक साताऱ्याला निघाले, तिची रक्ततपासणी जिथं होते त्या दवाखान्यात. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. गाडीच्या आवाजात टिकटिक ऐकू येईनाशी झाली की माझा जीव खालीवर व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. रक्त नको तेवढं पातळ झालं होतं. "डोक्यात रक्तस्राव झाला असता तर?" त्या म्हणाल्या. मी उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. तोवर त्यांना वाटत होतं, मी तिची आई आहे.

"मावशी, भाजीला मेथ्यांची फोडणी वेगळी," त्या म्हणाल्या. "चमचे चमचे पूड रोज घेतली की ते औषधच झालं. या गोळीबरोबर त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. आणि तिनं गोळी मनानं बंद केली असती, तर झडपेवर गुठळी धरली असती. तेही जिवावरच." मग शिवांजलीकडे वळून म्हणाल्या, "आणि यानं छाती वाढते असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. कळलं का बाळा?"

शिवांजलीनं मान हलवली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, मला येकदा ऐकाय मिळंल का?"

डॉक्टरीणबाईंनी नळी माझ्या कानांना लावली.

काय सांगू! दुकानात ऐकलं ती नुसती चाहूल होती. आत रक्ताचा लोंढा येत होता आणि त्यावर ते एवढंसं दार उघडत होतं, मिटत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसाला लाखभर वेळा. कुणीतरी ती झडप घडवली, कुणीतरी या पोरीची छाती उघडून टाका टाका घालून बसवली, परत शिवली, आणि आठ वर्षं ते दार एकदाही थांबलं नव्हतं. मी थक्क झाले. उभ्या आयुष्यात देवळात हात जोडले नसतील इतक्या मनापासून तिथं माझे हात जुळले. आणि या छातीची तिला लाज वाटावी!

तीन दिवस तिला ठेवून घेतलं. मी उशाशी बसून होते. पलूसहून तिची आई आली तरी उठले नाही. रक्त ताळ्यावर आलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

तुळशीची लग्नं झाली आणि एका दुपारी शिवांजली दुकानात हजर. हातावरचे डाग पुसले होते. पिशवीतून तिनं लग्नातला पोपटी ब्लाउज काढून दाखवला.

"शिवणाऱ्या बाई म्हणल्या, आतनं कप घालू का? म्हटलं, आहे त्या मापानं शिवा. आणि गळा जरा मोठा ठेवा."

"आगं, व्रण दिसंल की."

"दिसू दे. नणंद काय बोललीच, तर म्हणीन कान लावून ऐका."

मी हसले आणि उठून पंखा बंद केला. "का वं?" ती म्हणाली, पण तिला कळलं होतं. आम्ही दोघी ती टिकटिक ऐकत बसलो. तेवढ्यात एक नेहमीची गिऱ्हाईक बाई पायरी चढून आली आणि यादी पुढे करत म्हणाली, "शतावरी, मेथ्या आणि बडीशेप द्या, मावशी."

"घेणार कोण? कशासाठी? कुठल्या गोळ्या चालू हायत?" मी विचारलं.

बाई गोंधळली. "आवं, तुमी कवापासनं इचाराय लागला?"

मी स्टूल पुढे सरकवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "बस. आधी ऐक," मी म्हटलं. "मग सांगते."