पोटात गेलेली अक्षता

घाबरू नका, मित्रांनो! माझं पोट रिकामं आहे, मी पेटीत आहे आणि पेटीला भक्कम कुलूप आहे. त्या कुलपाआडूनच तुमच्याशी बोलतोय. मी एक आखूड नळीचं पिस्तूल, आता म्हातारं झालेलं. माझ्यासारख्यांच्या वाऱ्यालाही मुलांनी उभं राहू नये, हे आधी पक्कं ध्यानात धरा आणि मग खुशाल ऐका.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. मला कापलं, घासलं, तासलं, काळ्याभोर रंगाच्या आंघोळी घातल्या. नव्या कोऱ्या पिस्तुलाला वाटतं, आपण जन्मलो म्हणजे तयारच झालो. छे हो! माझी स्प्रिंग इतकी ताठ होती की काही विचारू नका. नवी चप्पल जशी चार दिवस पायाला लागते, तसंच आमचं असतं. शे-दोनशे काडतुसं पोटातून गेली की मग कुठे अंग मोकळं होतं.

१९८६च्या सप्टेंबरात ओहायोतल्या एका दुकानात विनीता रणदिवे आली आणि तिने मला निवडलं. वय तेवीस, जन्म तिथलाच, नोकरी एका छोट्या गावाच्या पोलीस खात्यात. हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या पथकात तिला जायचं होतं. तिथे साध्या कपड्यांत काम करायचं असल्यामुळे कोटाखाली मावेल असं पिस्तूल लागायचं. पण तिच्या सार्जंटचा नियम कडक होता. नव्या पिस्तुलाने न अडता सलग दोनशे काडतुसं झाडली पाहिजेत, तरच ते कामावर न्यायचं. मध्ये एकदा जरी अडलं, तरी मोजणी पुन्हा एकपासून. मुदत होती ऑक्टोबरातल्या एका शनिवारपर्यंत. ती हुकली तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

तिची गाडी त्या दिवशी बिघडलेली, म्हणून तिचे वडील जगन्नाथकाका तिला घेऊन आले होते. काका पुलांचे इंजिनियर. ओहायोतल्याच डब्लिन गावात घर. लेकीने पोलिसात जाणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. दुकानात हाताची घडी घालून, माझ्याकडे पाठ करून उभे. माझं नावसुद्धा घ्यायचे नाहीत, 'ती वस्तू' म्हणायचे. मला काय राग आला होता तेव्हा!

पण सरावासाठी काडतुसं निवडायची वेळ आली, आणि 'स्वस्त' हा शब्द ऐकताच काकांचे कान टवकारले. दुकानदार अर्ल नावाचा म्हातारा होता. त्याने काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक चकचकीत आणि महाग, खऱ्या कामगिरीसाठी. दुसरा कारखान्यातून आलेला साधा, गोल तोंडाच्या गोळीचा, पितळी टरफलाचा. आणि तिसरी एक प्लॅस्टिकची पिशवी. वापरलेली टरफलं कुणीतरी घरी पुन्हा भरलेली, सगळ्यांत स्वस्त.

काकांनी लगेच पिशवी उचलली. "विनू, हे घे. कागदाला भोकंच तर पाडायचीत."

"ते परवा एक गिऱ्हाईक ठेवून गेलंय," अर्ल म्हणाला. "मी तरी ते कुणाला विकत नाही, असलं घेऊ नका म्हणून नुसतं दाखवतो. कुणी भरलं, किती दारू घातली, देव जाणे. नव्या पिस्तुलाची स्प्रिंग ताठ असते, तिला प्रत्येक वेळी सारखाच जोर लागतो. दारू कमी पडली तर ते अडतं, जास्त झाली तर माणसाच्या हाताला धोका."

आता काकांमधला इंजिनियर जागा झाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मधल्या खोक्यातली चार काडतुसं उजेडात धरून न्याहाळली आणि विचारलं, "यांचं माप आणि जोर एकसारखा?"

"अगदी."

"मग हेच घे, विनू. महागाचं कशाला? ते पुढे कामाच्या वेळी."

"ओके बाबा, डील!" विनीता हसली. आणि खरं सांगतो, निवड अगदी चोख होती. अर्लच्या दुकानामागच्या सरावाच्या गल्लीत त्याच दिवशी मी पन्नास काडतुसं गटागटा फस्त केली. एकदासुद्धा ठसका लागला नाही.

मग आली खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी विनीता डब्लिनला जेवायला आली आणि तिला अचानक ड्यूटीवर बोलावलं. मला तिने आईकडे सोपवलं. आई म्हणजे रेखाकाकू, पोटाच्या डॉक्टर. "रिकामं आहे ना गं नक्की?" असं त्यांनी तीनतीनदा विचारलं, म्हणून विनीताने माझा वरचा भाग मागे ओढून तसाच उघडा ठेवला, रिकामं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची डबी, शेजारी ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. काडतुसं तिच्याच गाडीत राहिली. चावी गेली काकूंच्या कपाटात.

सकाळी काकू हॉस्पिटलला गेल्या. काकांनी आंघोळ केली, पाट मांडला. त्यावर त्यांनी आपला जुना स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकती पट्टी, ठेवला, गाडीची चावी ठेवली, काकूंचा जुना स्टेथोस्कोप ठेवला. नवमीला आपापली हत्यारं पुजायची, ही त्यांच्या घरची रीत त्यांनी ओहायोतही सोडली नव्हती. पूजा झाली. काका उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. आणि कपाटातली चावी आणून त्यांनी चक्क मला बाहेर काढलं!

त्यांनी मला आणि माझ्या मॅगझिनला पाटावर ठेवलं, बोटाने कुंकू लावलं आणि ओल्या कुंकवातल्या मूठभर अक्षता वाहिल्या. "पोरीला सांभाळ रे," एवढंच हळूच म्हणाले. मग मला रुमालाने स्वच्छ पुसून पुन्हा पेटीत घातलं आणि चावी जागच्या जागी ठेवली. कुणाला काही कळलं नाही. पण एक दाणा मॅगझिनच्या तोंडाशी असलेल्या फटीतून आत गेला आणि काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीशेजारी चिकटून बसला. ते फक्त मला माहीत होतं. आणि मला तर बोलता येत नाही!

मंगळवारी विनीता मला सरावाला घेऊन गेली आणि सातव्या काडतुसाला मी अडलो. पट्टी मध्येच रुतली, काडतुसाचं नाक खाली गेलं, खेळ खलास. बुधवारी पुन्हा तेच. विनीताने माझी नळी पुसली, तेल दिलं, पण मॅगझिनचं पोट उघडायचं काही तिच्या डोक्यात आलं नाही. गुरुवारी चौथ्यांदा अडल्यावर ती रडकुंडीला आली.

त्या दुपारी ती डब्लिनच्या घरी आली आणि मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून काकांवर बरसली. "It's the cheap ammo, बाबा! तुमचं ऐकायलाच नको होतं. आता हे पिस्तूल रिटर्न करते. नवीन घ्यायचं म्हणजे पुन्हा दोनशे. शनिवारपर्यंत इम्पॉसिबल! गेली माझी जागा."

काका मान खाली घालून बसले. काकू हात पुसत पुढे आल्या. "अगं, याच खोक्यातली पन्नास गेली होती ना सुरळीत? मग जेवणाला कशाला नावं ठेवतेस? माझ्याकडे पेशंट आला की मी आधी पोट तपासते. याच्या पोटात काही गेलंय का, बघितलंस?"

काकांचा चहाचा कप हवेतच थांबला. ते माझ्याकडे बघत होते. त्या दुकानाच्या दिवसापासून पहिल्यांदाच इतकं रोखून. मला वाटलं, संपलं आता. हा माणूस गप्प बसला तर मी दुकानात परत जाणार, पोरगी त्या पथकात जाणार नाही, आणि त्यांना तर तेच हवं होतं की! नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काहीही करायचं नव्हतं.

"विनू, थांब," काका म्हणाले. "परत करू नकोस. खंडेनवमीला मी त्याची पूजा केली. उघडंच होतं ते. अक्षता वाहिल्या मी. चूक माझी आहे, काडतुसांची नाही."

विनीताने मॅगझिनची तळाची पट्टी सरकवली, स्प्रिंग बाहेर काढली आणि वर्तमानपत्रावर झटकली. लालभडक तांदळाचा एक दाणा टपकन पडला.

"You did a puja? माझ्या gunची? बाबा, तुम्ही तर त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता!"

"नव्हतोच बघत," काका म्हणाले. "आवडत नाही मला ते, अजूनही नाही. पण तू तर रोज जाणारच. मग तुला सांभाळ म्हणून कुणाला तरी सांगायला नको का?"

विनीताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने तो दाणा चिमटीत उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "अक्षता इथे टाकायच्या असतात ना, बाबा?" असं म्हणून ती वाकली आणि काकांच्या पाया पडली. काकूंनी मात्र डोळे पुसता पुसता दोघांनाही झापलं. "आणि चावी माझ्या कपाटात ठेवायची नाही हं यापुढे! ज्याचं हत्यार, त्याच्याच खिशात चावी."

शुक्रवारी मी, तीच साधी पितळी काडतुसं आणि विनीता, तिघे पुन्हा अर्लकडे गेलो. पन्नास झाली, शंभर झाली. दीडशेनंतर विनीता श्वास रोखून उभी होती. दोनशेवं टरफल खळकन जमिनीवर पडलं आणि अर्लने टोपी हवेत उडवली. काका बाहेर गाडीत बसले होते. आत यायला अजूनही तयार नव्हते, पण काचेवर नाक लावून बसले होते म्हणे. शनिवारी दोनशेची मोजणी ऐकून सार्जंटने विनीताला ती जागा दिली आणि माझी पाठ थोपटली. ते कौतुक मी अजून विसरलो नाही.

पुढे बरीच वर्षं विनीताच्या कोटाखाली होतो. सहा वर्षांची एक हरवलेली मुलगी बस स्टँडवर सापडली, तेव्हा विनीताने तिला कडेवर घेतलं आणि तिचं डोकं माझ्यापासून दूर, दुसऱ्या खांद्यावर टेकवलं. मी गप्प होतो. कुणा माणसावर मला कधीच चालावं लागलं नाही, आणि मला त्याचाच सगळ्यात मोठा अभिमान आहे. मग विनीता मोठी साहेब झाली, टेबलावरचं काम आलं, आणि मी दोन वर्षं तेलाविना पडून राहिलो. अंगावर तांबूस ठिपके उठले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एका रविवारी काकांनीच तिला आठवण करून दिली. "विनू, त्या वस्तूला तेल दे गं." अजून 'वस्तू'च! पण आता त्या शब्दात माया होती.

मित्रांनो, तुमच्या घरात काही अडलं तर समोर दिसेल त्याला दोष देऊन मोकळे होऊ नका, आधी आतून तपासा. जे वापरता, ते वेळेवर पुसा. धोक्याची वस्तू कुलपात राहू द्या आणि तिची चावी तिच्या धन्याच्याच खिशात. आणि चूक आपली असेल तर जगन्नाथकाकांसारखं मोठ्याने सांगून टाका, भले गप्प बसण्यात आपला फायदा असो.

खंडेनवमीला माझी पूजा अजूनही होते. पेटी बंद, कुलूप लावलेलं, कुंकू झाकणावर. काका आता काठी टेकत येतात. हातात मूठभर लाल अक्षता असतात. विनीता डोकं पुढे करते, आणि ते सगळ्या तिच्याच डोक्यावर टाकतात. माझ्या झाकणावर एकही टाकत नाहीत.